मिरचीची पानं पिवळी पडताहेत, झाडं वाचवायला मदत हवी

गच्चीवरची_मीनल (१२ ऑगस्ट, रात्री)

नमस्कार मंडळी. पुण्यात आमच्या गच्चीवर मिरचीच्या पाच कुंड्या आहेत. तीन ज्वाला, दोन ढोबळी. जूनच्या मध्यात रोपवाटिकेतून रोपं आणून बारा इंची कुंड्यांत लावली. अर्धं कोकोपीट, बाकी लाल माती आणि गांडूळखत. कुंड्या पत्र्याच्या शेडखाली आहेत, त्यामुळे पाऊस थेट लागत नाही. फक्त ढोबळीच्या दोन कडेला आहेत, त्यांच्यावर झड येते. पाणी सोसायटीच्या बोअरचं, सकाळ-संध्याकाळ घालते.

जुलैभर झाडं टवटवीत होती. गेल्या दहा दिवसांत ज्वालाच्या दोन झाडांची खालची पानं पिवळी होऊन गळायला लागली. तिसऱ्या ज्वालाची उलट शेंड्याची पानं पिवळी आहेत. एका ढोबळीच्या पानांवर ठिपके आहेत. मी आतापर्यंत चमचाभर युरिया, धुऊन वाळवलेली चहापत्ती, आंबट ताकाची फवारणी आणि दर आठवड्याला मूठभर राख, एवढं सगळं केलं. फरक शून्य, उलट वाढलंच आहे. ही झाडं माझ्या आठ वर्षांच्या मुलीने स्वतःच्या हाताने लावली आहेत आणि रोज सकाळी ती गळलेली पानं मोजते. कृपया सांगा, काय करू?

अवलिया (१२ ऑगस्ट, रात्री)

नत्र (नायट्रोजन) कमी पडलंय. खालची पानं पिवळी म्हणजे नत्र. १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला दोन ग्रॅम, आठवड्यातून एकदा. पंधरा दिवसांत हिरवी होतील.

प्राजक्ता_ठाणे (१३ ऑगस्ट, सकाळी)

मीनल, आधी सगळं थांबव. पाच कुंड्यांना चार औषधं झाली की मूळ दुखणं कुठलं आणि औषधाने झालेलं कुठलं, हे कुणालाच कळणार नाही. एवढं सांग:

मातीत बोट दोन पेरं आत घाल, ओलं लागतं की कोरडं? कुंडीखाली ताटली आहे का, तिच्यात पाणी साचतं का? पानं सरसकट पिवळी आहेत की शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा? पान उलटं करून मागे काही दिसतं का?

गच्चीवरची_मीनल (१३ ऑगस्ट, दुपारी)

बोट घातलं. वरून कोरडं दिसतं पण आत चांगलंच ओलं आहे. ताटल्या आहेत, फरशीवर डाग पडतात म्हणून ठेवल्यात. त्यात पाणी असतं, हे मी कधी मनावर घेतलं नव्हतं.

खालून पिवळ्या झालेल्या दोन्ही झाडांची पानं सरसकट पिवळी आहेत, शिरांसकट. आणि दुपारी ही झाडं माना टाकतात, म्हणून मी संध्याकाळी जास्त पाणी घालते. शेंड्याकडून पिवळ्या झालेल्या झाडाच्या शिरा मात्र स्पष्ट हिरव्या आहेत, जाळी काढल्यासारख्या. पानांमागे मला काही दिसलं नाही.

मातीशी_बोलू_काही (१३ ऑगस्ट, रात्री)

मी कृषी महाविद्यालयात मृदाशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे. थोडं सविस्तर लिहितो, कारण हा मुद्दा एकदा समजला की निम्मं निदान घरबसल्या होतं.

झाडाच्या अन्नद्रव्यांत काही हलणारी असतात, काही बसल्या जागची. नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) आणि मॅग्नेशियम हलणारी. यातलं काही कमी पडलं की झाड जुन्या पानांतून ते काढून घेतं आणि शेंड्याला देतं. घरात दूध कमी असलं की आजी आपल्या कपातलं नातवाच्या पेल्यात ओतते, तसंच. म्हणून त्यांची उणीव आधी खालच्या, जुन्या पानांवर दिसते. लोह, गंधक, कॅल्शियम ही फारशी हलत नाहीत. त्यांचा तुटवडा कोवळ्या पानांवर दिसतो, कारण जुनी पानं आपल्यातलं सोडतच नाहीत.

आता रंगाची तऱ्हा. खालचं पान सगळं फिकट पिवळं झालं तर नत्राचा संशय घ्या. खालच्याच पानाच्या शिरा हिरव्या आणि मध्ये पिवळं असेल तर मॅग्नेशियम. शेंड्याच्या पानात शिरा हिरव्या आणि मध्ये पिवळं असेल तर बहुतेक वेळा लोह. शेंड्याचं पान शिरांसकट फिकट असेल तर गंधकाकडेही बघा.

पण अवलिया, इथे एक अडचण आहे. मुळं गुदमरली तरी खालची पानं अशीच सरसकट पिवळी होतात. माती ओली असून झाड दुपारी मान टाकतंय, याचा अर्थ मुळं पाणी ओढू शकत नाहीत. अशा झाडाला खत देणं म्हणजे ताप आलेल्या माणसाला श्रीखंडपुरी वाढणं. माझा संशय पहिल्या दोन झाडांबाबत मुळांवर आहे, तिसऱ्याबाबत लोहावर. एकाच गच्चीवर दोन वेगळी दुखणी असू शकतात.

अवलिया (१३ ऑगस्ट, रात्री)

सर, पटलं. ताटल्यांचं मी वाचलंच नव्हतं. मीनलताई, खत सध्या राहू द्या.

कुडाळची_माई (१४ ऑगस्ट, सकाळी)

आमच्याकडे परसात दरवर्षी मिरची असते. पावसाळ्यात खालच्या पानांच्या शिरांमध्ये पिवळं पडतं, हे मी वर्षानुवर्षं बघत आले. आमची जांभ्याची माती, त्यात एवढा पाऊस, मातीतलं सगळं धुऊन नेतो. भाच्याच्या सांगण्यावरून मॅग्नेशियम सल्फेट लिटरला पाच ग्रॅम घालून दहा-दहा दिवसांनी दोनदा फवारलं, तर नवी पानं चांगली आली.

आणि राखेला नावं ठेवू नका हां. माझी सासू मिरचीच्या बुंध्याशी चुलीतली राख टाकायची आणि मिरच्या अशा लागायच्या की सुपं भरायची. पाण्याच्या बाबतीत मात्र ती कडक. "मिरचेक पाणी जास्ती झाला काय ती रुसता," म्हणायची.

मातीशी_बोलू_काही (१४ ऑगस्ट, दुपारी)

माई, तुमच्या सासूबाईंचं बरोबरच होतं. कोकणातली माती आम्लधर्मी, राख अल्कधर्मी, त्यामुळे तिथे राखेने सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कपणाचं माप) योग्य बाजूला सरकतो आणि पालाशही मिळतं. पुण्यात बोअरच्या पाण्यात आधीच चुना आणि बायकार्बोनेट असतात. त्यात दर आठवड्याला राख म्हणजे सामू आणखी वर. मिरचीला सहा ते सात हा सामू मानवतो. तो साडेसात-आठच्या पुढे गेला की मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. कपाट भरलेलं आणि किल्ली हरवलेली, अशी गत होते.

मीनल, मत्स्यालयाच्या दुकानात सामू तपासायच्या पट्ट्या मिळतात. पाण्याचा बघा, आणि कुंडीतून झिरपलेल्या पाण्याचाही बघा.

खान्देशी_वावर (१४ ऑगस्ट, रात्री)

राम राम. नंदुरबार तालुक्यात आमची चार एकर मिरची असते. कुंडीतली आणि वावरातली मिरची वेगळी, पण झाड तेच.

आमच्या काळ्या जमिनीत सलग चार दिवस झड लागली की सखल भागातली झाडं आधी पिवळी होतात, मग उभीच्या उभी सुकतात. उपटून बघितलं की मुळं तपकिरी, वरची साल बोटाने ओढली की निघून येते आणि आत दोऱ्यासारखं उरतं. ती मूळकूज. तेव्हापासून गादीवाफे केले, ठिबक केलं, निचऱ्याला चर काढले. औषधापेक्षा जास्त फायदा चरांनी झाला, हे मी छातीठोकपणे सांगतो. चुनखडीच्या पट्ट्यात मात्र शेंडा पिवळा पडतोच. तिथे नुसतं हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकून पैसे गेले. शेवटी चिलेटेड लोहावर आलो, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपात बांधलेलं लोह.

ताई, पानामागे काही दिसत नाही म्हणालात. साध्या डोळ्यांना दिसणार नाही. पांढरा कागद शेंड्याखाली धरा आणि शेंडा हलकेच झटका. कागदावर बारीक लांबट काही पळालं तर फुलकिडे. पानं वरच्या बाजूला वाटीसारखी वळली तर फुलकिडे, खालच्या बाजूला उलट्या होडीसारखी वळली तर कोळी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी बारीक कोळीकीड. आणि पानं बारीक, जाड, गोळा झालेली, झाड खुजं, वर पिवळेपणा, तर तो आमचा बोकड्या. म्हणजे विषाणू, पांढरी माशी पसरवते. त्याला औषध नाही. झाड उपटून जाळायचं, नाहीतर शेजारची दहा जातात. मागे एका हंगामात मी "बघू, सुधारेल" म्हणत आठ दिवस घालवले आणि पाऊण एकर हातचं गेलं. आता वावराच्या चारी बाजूंनी मक्याच्या दोन ओळी पेरतो, माशी अडते.

चिंगीची_आई (१४ ऑगस्ट, रात्री)

बापरे, माझ्या बाल्कनीतल्या मिरचीची पानं खाली वळलेली आहेत! आता उठून कागद धरते.

निसर्गवेडा (१५ ऑगस्ट, सकाळी)

एवढी रसायनं कशाला? देशी गाईचं शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि वडाखालची माती घेऊन जीवामृत करा, दर पंधरा दिवसांनी द्या. माझ्या वीस कुंड्या गेली सहा वर्षं त्यावरच आहेत, एक पान पिवळं नाही.

खान्देशी_वावर (१५ ऑगस्ट, सकाळी)

दादा, जीवामृत मीही ठिबकमधून सोडतो, त्याला माझा विरोध नाही. माती भुसभुशीत राहते. पण ज्या कुंडीत पाणीच उभं आहे तिच्यात अजून पातळ शेण-गूळ ओतला तर कूज वाढेल. आधी निचरा, मग जीवामृत.

निसर्गवेडा (१५ ऑगस्ट, दुपारी)

मान्य. माझ्या कुंड्या मातीच्या आहेत आणि विटांवर ठेवलेल्या आहेत, खाली ताटली नाही. कदाचित त्याचाही वाटा असेल, हे आज पहिल्यांदा लक्षात आलं.

चिंगीची_आई (१५ ऑगस्ट, दुपारी)

कागदावर काहीच पडलं नाही, पण भिंगातून पानामागे पिवळसर पांढुरके ठिपके हलताना दिसले! कोळी बहुतेक. काय करू?

प्राजक्ता_ठाणे (१५ ऑगस्ट, दुपारी)

सगळ्यात चुरगळलेले शेंडे खुडून पिशवीत बांधून टाक. मग संध्याकाळी कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिली, त्यात थोडा पातळ साबण नीट फेसून, पानांच्या मागच्या बाजूला फवार. दर पाच-सहा दिवसांनी, तीनदा. उन्हात फवारू नकोस, पानं करपतात. आधी दोन पानांवर फवारून एक दिवस थांब. आणि तू वेगळा धागा काढ बरं, मीनलच्या मिरच्या मागे पडल्या!

शेडनेट_दिंडोरी (१५ ऑगस्ट, रात्री)

पडल्याच आहेत तर अजून एक भर. आम्ही शेडनेटमध्ये ढोबळी करतो. गेल्या वर्षी एका कोपऱ्यातली झाडं पिवळी, वाढ खुंटलेली, दुपारी मलूल. लोह दिलं, मॅग्नेशियम दिलं, बुरशीनाशक दिलं, महिना गेला. शेवटी वडील म्हणाले, एक झाड बळी दे पण उपटून बघ. मुळांवर मण्यांच्या माळेसारख्या गाठी. सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म कृमी! वर पानांकडे बघून कितीही डोकं लावलं असतं तरी ते कळलं नसतं. मग त्या वाफ्यात झेंडू लावला, निंबोळी पेंड घातली आणि पुढचं पीक मिरची-टोमॅटो-वांग्याच्या कुळाबाहेरचं घेतलं.

ताई, तुमच्या ज्या झाडाची अवस्था सगळ्यात वाईट आहे ते कुंडीतून काढाच.

हडसनकाठ (१५ ऑगस्ट, रात्री)

न्यू जर्सीतून. आमच्याकडे मे ते सप्टेंबर मिरची बाहेर, ऑक्टोबरमध्ये कुंड्या घरात. आत आणल्यावर पंधरा दिवसांत दरवर्षी अर्धी पानं पिवळी होऊन गळतात. पहिल्या वर्षी घाबरून खत आणि पाणी दोन्ही वाढवलं आणि झाड गेलं. प्रकाश कमी, थंडी जास्त, मुळं निजलेली, त्यांना काय पचणार? आता घरात आणताना झाड निम्म्यावर छाटतो, दहा-बारा दिवसांतून एकदा पाणी. एप्रिलमध्ये पुन्हा पालवी फुटते. माझं एक झाड आता चार वर्षांचं आहे, बुंधा अंगठ्याएवढा.

बियाणं म्हणजे इथल्या भारतीय दुकानातल्या सुक्या ब्याडगीचं. आईने फोडणीसाठी फोडलेल्या मिरचीतलं बी सहज पेरलं आणि उगवलं.

कुडाळची_माई (१६ ऑगस्ट, सकाळी)

चार वर्षांची मिरची! ऐकून बरं वाटलं रे बाबा. बी मात्र लाल पिकलेल्या मिरचीचंच घ्या, हिरव्या मिरचीतलं कच्चं असतं. आमच्या गोव्याच्या विहीणबाई काणकोणच्या, त्या खोला मिरचीचं बी राखेत घोळवून वर्षभर ठेवतात. सगळ्यात पहिल्या तोड्याची, मधल्या फांदीवरची मिरची बियाण्याला, हा त्यांचा नेम.

गच्चीवरची_मीनल (१६ ऑगस्ट, संध्याकाळी)

आज सुट्टी होती, सगळं केलं. सविस्तर लिहिते.

खालून पिवळं होणारं सगळ्यात वाईट ज्वालाचं झाड कुंडीतून काढलं. खालचा चार इंच थर चिखलासारखा होता आणि गटाराचा वास आला. कुंडीला एकच भोक होतं आणि ते कोकोपीटच्या धाग्यांनी गच्च बुजलेलं. मुळं तपकिरी. खान्देशी_वावर, तुम्ही लिहिलंत तसंच, ओढलं की साल निघाली आणि दोरा हातात राहिला. मुलगी शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "आई, हिला श्वास घेता येत नव्हता." मला रडूच आलं. मी तिला तहान लागलीय असं समजून रोज दोन वेळा पाणी पाजत होते.

दुसरं झाड काढलं. तिथे निम्मी मुळं पांढरी, शाबूत आहेत.

शेंड्याकडून पिवळ्या झालेल्या तिसऱ्या ज्वालाची मुळं छान पांढरी निघाली. तिच्या कुंडीला तीन भोकं होती. सामूच्या पट्टीवर बोअरचं पाणी आठच्या वर, आणि या कुंडीतून झिरपलेलं पाणीही आठच्या आसपास. म्हणजे सर म्हणाले तेच.

ठिपक्यांच्या ढोबळीचं अजून कळलेलं नाही. लहान, गडद, पाण्याने भिजल्यासारखे डाग आणि भोवती पिवळी कडी.

मातीशी_बोलू_काही (१६ ऑगस्ट, रात्री)

फार नीट तपासलंत. आता क्रमाने.

कुजलेल्या झाडांची तपकिरी मुळं स्वच्छ कात्रीने कापा, कात्री दर वेळी स्पिरिटने पुसा. मुळं कमी झाली म्हणून वरचा भारही एक तृतीयांश कमी करा. फुलं, मिरच्या सगळ्या काढून टाका, जीव तुटला तरी. नव्या मिश्रणात कोकोपीट तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. माती, शेणखत आणि विटांचे बारीक तुकडे किंवा जाड वाळू घाला. ट्रायकोडर्मा (कुजवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपकारक बुरशी) मिळालं तर शेणखतात मिसळा. कुंडीला चार-पाच भोकं पाडा, दोन विटांवर ठेवा. पाच-सहा दिवस सावलीत. जुनी माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका. पहिलं झाड वाचेलच असं मी म्हणणार नाही. दुसरं वाचायला हवं.

तिसऱ्याला राख बंद. ईडीडीएचए रूपातलं चिलेटेड लोह एक ग्रॅम एक लिटर पाण्यात, कुंडीत एकदा. दुकानदार ईडीटीए रूपातलं देईल, पण ते साडेसहाच्या वरच्या सामूला मातीत टिकत नाही, फवारणीला चालतं. आणि पत्र्यावरून पडणारं पावसाचं पाणी पिंपात धरा, झाडांना तेच घाला. याहून स्वस्त औषध नाही.

शेडनेट_दिंडोरी (१६ ऑगस्ट, रात्री)

ढोबळीवरचे डाग जिवाणूजन्य ठिपक्यांसारखे वाटतात, झड येणाऱ्या कडेलाच आहेत म्हणून जास्तच. डागाळलेली पानं कोरड्या दिवशी काढा, कुंडी शेडच्या आत घ्या, पाणी बुंध्याशी द्या, पानांवर नको. वाढलं तर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम. ओल्या पानांना हात लावून मग दुसऱ्या झाडाला लावू नका, तो हातानेच पसरतो.

रोहिणी_सोलापूर (१७ ऑगस्ट, सकाळी)

पिवळं झालेलं पान पुन्हा हिरवं होतं का? माझा मुलगा विचारतोय.

मातीशी_बोलू_काही (१७ ऑगस्ट, सकाळी)

पूर्ण पिवळं झालेलं जुनं पान नाही होत, ते गळणारच. लोहाच्या कमतरतेतली कोवळी पानं मात्र लवकर उपाय झाला तर बऱ्यापैकी हिरवी होतात. उपाय लागू पडला की नाही, हे नव्या फुटीवरून ठरवायचं. मुलाला सांगा, सगळ्यात वरचं छोटं पान रोज बघत जा.

अवलिया (२४ ऑगस्ट, रात्री)

मीनलताई, काय खबर? मी माझ्या सगळ्या कुंड्यांची भोकं तपासली. दोन बंद सापडली.

गच्चीवरची_मीनल (८ सप्टेंबर, रात्री)

उशिरा लिहितेय, क्षमस्व. खात्री झाल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

पहिलं झाड गेलं. आठव्या दिवशी खोड बुंध्याशी काळं पडलं. मुलीने आणि मी ते कचऱ्यात दिलं, कंपोस्टमध्ये नाही टाकलं. दुसऱ्याने दोन आठवडे काहीच हालचाल केली नाही, आणि मग गेल्या मंगळवारी खोडाच्या प्रत्येक सांध्यातून हिरवे ठिपके फुटले. आज त्यांची बोटभर पानं झाली आहेत. तिसऱ्याचा शेंडा दहा-बारा दिवसांत हिरवा झाला आणि कालपासून त्यावर तीन पांढरी फुलं आहेत. ढोबळीवर नवे ठिपके नाहीत, कॉपरची गरज पडली नाही. पाणी आता बोट घालून बघूनच देते, कधी दोन दिवसांनी, कधी तीन. पावसाच्या पाण्याची दोन पिंपं भरली आहेत.

मुलगी आता गळलेली पानं मोजत नाही, नवी मोजते. आज सत्तावीस.

कुडाळची_माई (८ सप्टेंबर, रात्री)

पहिली मिरची लागली की तिच्या हाताने तोड हां. आणि फोटो टाक.

खान्देशी_वावर (९ सप्टेंबर, सकाळी)

वा ताई! सत्तावीसचे दोनशे होऊ देत.

विदर्भाची_ऊन्हं (११ सप्टेंबर, दुपारी)

नमस्कार, मी नागपूरहून, इथे नवीन. पूर्ण धागा वाचून मगच लिहितोय. चार कुंड्या भिवापुरी मिरचीच्या. पिवळेपणा खालच्या पानांवर, शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. माती दोन पेरं आत किंचित ओली. ताटली नाही, भोकं चार, सगळी मोकळी. कागद झटकला, काही पडलं नाही. एक झाड काढून पाहिलं, मुळं पांढरी, गाठी नाहीत. नळाच्या पाण्याचा सामू सातच्या थोडा वर. दोन महिन्यांत पोटॅश तीनदा दिलंय. मॅग्नेशियम वाटतंय, बरोबर का?

मातीशी_बोलू_काही (११ सप्टेंबर, दुपारी)

बरोबर. पोटॅश जास्त झालं की मॅग्नेशियम उचललं जात नाही, ते थांबवा. मॅग्नेशियम सल्फेट माईंच्या मापाने, संध्याकाळी.